बाकाच्या टोकावरून दिसलेला पॉइंट गार्ड

अमेरिकेत एमएस करताना मी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात स्टुडंट मॅनेजर होतो. हुद्दा मोठा, काम हमालीचं: बॉल, टॉवेल, पाण्याच्या बाटल्या आणि रात्री मॅचच्या व्हिडिओचे तुकडे कापणं. डिव्हिजन वनमधला, म्हणजे कॉलेज खेळाच्या सर्वांत वरच्या गटातला, मध्यम कुवतीचा संघ. पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन संघाचा खेळ चालवणारा खेळाडू, कसा तयार होतो आणि कसा बसून राहतो, हे त्या जागेवरून रोज दिसायचं. तिकडे खेळायला जायचं मनात असलेल्या पोरापोरींसाठी हे लिहितोय.

ड्रिबलिंगच्या करामतींनी तिथे कोणी भुलत नाही. त्या सगळ्यांनाच येतात. कोच बघतो ते निर्णय. कॉलेजमध्ये शॉट क्लॉक (शॉट मारायची मुदत) ३० सेकंदांचा, आणि १० सेकंदांत बॉल अर्ध्या रेषेपलीकडे न्यायचा. बाकावरून इशारा येऊन चौघे जागेवर लागेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो. मग आपला सेंटर, म्हणजे सहसा संघातला सर्वांत उंच खेळाडू, स्क्रीन लावायला (तुमच्या बचावपटूची वाट अडवून उभा राहायला) येतो आणि खरी परीक्षा सुरू होते. त्या सेंटरवरचा उंच बचावपटू मागेच थांबला, तर मधल्या अंतरावरून शॉट तुमचा. तो तुमच्या अंगावर आला, तर बास्केटकडे पळणाऱ्या सेंटरला लगेच पास, दोघांमधल्या फटीतून. आणि त्या सेंटरला अडवायला कोपऱ्यातला बचावपटू आत सरकला, तर कोपऱ्यातला आपला शूटर मोकळा. हे सगळं एका-दोन ड्रिबलमध्ये वाचायचं असतं. नवख्यांना पहिल्या दोन गोष्टी दिसतात. कोपरा दिसत नाही.

आमचे कोच व्हिडिओ मध्येच थांबवून पडदा काळा करायचे आणि विचारायचे, “दहाही जण कुठे होते, सांग.” आमचा सीनियर गार्ड बुटका, वेगही बेताचा, पण तो दहाही जागा सांगायचा. वर “डावीकडचा माझ्याकडे पाठ करून उभा होता” हेही. पहिल्या वर्षाचा मुलगा त्याच्याहून उंच, शूटिंगला सरस. पण त्याला स्वतःवरच्या बचावपटूपलीकडे काही आठवायचं नाही. त्याचा सीझन बहुतेक माझ्या शेजारी, बाकावर गेला. तू का बसलायस, हे त्याला कोणी धड सांगितलंही नाही, आणि ते मला आजही पटत नाही. त्यामुळे तुम्ही स्वतः जाऊन विचारा. असिस्टंट कोचकडे व्हिडिओ मागा. ते देतात.

चेहऱ्याचंही बघा. ड्यूक विद्यापीठाचा पॉइंट गार्ड बॉबी हर्ली पहिल्या वर्षी मनासारखं झालं नाही की तोंड वाकडं करायचा. कोच शिशेफ्स्कींनी त्याच्या त्या चेहऱ्यांचीच टेप करून त्याला दाखवली. पुढे १९९१ आणि १९९२ अशी सलग दोन राष्ट्रीय विजेतेपदं आली आणि चार वर्षांत त्याचे १,०७६ असिस्ट (ज्यावर बास्केट झाली असे पास) झाले. पॉइंट गार्डचं तोंड पडलं की बाकीचे चौघेही ढेपाळतात, हे मी बाकावरून अनेकदा पाहिलंय.

कॉलेज निवडताना नावावर जाऊ नका. कॅनडाच्या पॉइंट गार्ड स्टीव्ह नॅशला स्कॉलरशिप देणारं एकच कॉलेज निघालं, सांता क्लारा. पण तिथे त्याला खेळायला मिळालं. पहिल्याच सीझनला, १९९३ साली, राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत पंधराव्या मानांकनाच्या या संघाने दुसऱ्या मानांकनाच्या अॅरिझोनाला हरवलं आणि शेवटच्या क्षणी नॅशने ओळीने सहा फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) टाकले. पुढे एनबीए या व्यावसायिक लीगचा एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू), तोही दोनदा. आता काळ मात्र बदललाय. ट्रान्सफर पोर्टलमुळे, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीमुळे, कोचला बावीस-तेवीस वर्षांचा तयार गार्ड मिळतो, मग अठराच्या पोराला तो कशाला घडवेल? म्हणून प्रत्येक कोचला थेट विचारा: पुढच्या वर्षी बॉल कोणाच्या हातात असणार आहे? उत्तर गोलमोल आलं, तर समजून जा.

कागदपत्रांचं थोडक्यात. डिव्हिजन वनसाठी शाळेतले मुख्य विषयांचे १६ कोर्स आणि त्यांत किमान २.३ जीपीए (४ पैकी सरासरी गुणांक) लागतो. एसएटी या प्रवेश परीक्षेची अट २०२३ पासून गेली. डिव्हिजन थ्री या सर्वांत खालच्या गटात खेळाची स्कॉलरशिप मिळत नाही. बारावीनंतर दोन-तीन वर्षं क्लबकडून स्पर्धा खेळत बसलात, तर कॉलेजचे सीझन कापले जाऊ शकतात. सीझनमध्ये आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे, पण प्रवास आणि फिजिओकडचा वेळ त्यात धरत नाहीत. बसमध्ये मांडीवर लॅपटॉप ठेवून असाइनमेंट करण्याची सवय आधीच लावून घ्या.

शेवटी पैशांचं. जुलै २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, जाहिराती २०२१ पासूनच खुल्या आहेत. पण एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कमाईचे नियम वेगळे आणि कडक आहेत. सोबतच्या अमेरिकन पोराने बुटांच्या दुकानाची जाहिरात केली म्हणून तुम्ही करायला जाल, तर व्हिसावर बेतेल. कुठल्याही करारावर सही करण्याआधी कागद घेऊन परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात जा, आणि जमलं तर इमिग्रेशन वकिलाकडेही. संघातल्या कोणाच्या तोंडी “काही होत नाही रे” वर विसंबू नका.