वस्तीत कुणाचा मानसिक तोल सुटला तर: पहिल्या अर्ध्या तासातल्या या चुका टाळा

लेआउटमधल्या एखाद्या घरातून रात्री आरडाओरड ऐकू आली, की बघता बघता गेटपाशी तीस-चाळीस माणसं जमतात. बहुतेक जण मदतीलाच आलेले असतात, आणि बिघडतं तिथंच. लोक आपल्या मागावर आहेत असं ज्याला वाटतंय, त्याच्या दारात आता खरोखरच लोक उभे असतात, तेही मोबाइलचे लाइट लावून.

गर्दी आणि व्हिडिओ

तीन माणसं पुरतात. एकानं बोलायचं, एकानं फोन करायचा, एकानं गेटवर बाकीच्यांना थोपवायचं. बोलणारा ओळखीचा आणि खालच्या आवाजात बोलणारा हवा. त्याचा हुद्दा मोठा नसला तरी चालतं. सोसायटीच्या अध्यक्षापेक्षा रोज दूध घालणारे काका अशा वेळी जास्त कामी येतात. व्हिडिओ काढणाऱ्याचा मोबाइल आधी खाली करायला लावा. व्हिडिओ एकदा मोहल्ल्याच्या ग्रुपवर गेला, की पुढे आजार बरा होतो, पण व्हिडिओ राहतो.

बोलणाऱ्यानं सहा फुटांवर, जरा तिरपं, हाताचे तळवे दिसतील असं उभं राहावं. दार अडवू नये. आजारी माणसाला बाहेर पडता आलं पाहिजे आणि तुम्हालाही. टीव्ही बंद करा, कूलर खडखडत असेल तर तोही. विळी, सुऱ्या, फिनाइल दुसऱ्यानं गुपचूप उचलून ठेवावं, त्याच्या डोळ्यांदेखत धावपळ करून नव्हे.

‘काहून बे, काय नाटक लावलं?’

दटावणं, कानाखाली वाजवणं, तोंडावर पाणी मारणं, यातलं काहीच चालत नाही. भ्रम वाद घालून जात नाही. ‘भिंतीतून आवाज येतोय’ असं तो म्हणाला, तर ‘हो, मलाही येतोय’ म्हणू नका आणि ‘काही येत नाही’ म्हणून झटकूनही टाकू नका. ‘मला ऐकू येत नाही, पण तुला त्रास होतोय हे दिसतंय. इथं बसू का?’ एवढं पुरे. एका वेळी एकच छोटं वाक्य बोला आणि उत्तराची वाट बघा. सुरुवातीला तो गप्प राहील. ती शांतता भरून काढायची घाई नको.

जीव देण्याबद्दल विचारलं तर तसं मनात भरेल, या भीतीनं लोक विषयच टाळतात. विचारल्यानं तो विचार रुजत नाही. ‘जीव द्यावा असं मनात येतं का? काही ठरवलंय का?’ असं सरळ विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर क्षणभरही एकटं सोडू नका आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द देऊ नका.

पालथं पाडून वर बसणं

ही चूक जिवावर बेतते. चार जणांनी पालथं पाडलं आणि एक पाठीवर बसला, की छाती फुलायला जागा राहत नाही. श्वास कोंडल्यामुळे चाललेली तडफड लोकांना ‘जोर करतोय’ असं वाटायला लावते आणि ते आणखी दाबतात. धरल्याशिवाय गत्यंतरच नसेल तर कुशीवर ठेवा आणि दंड व मांड्या धरा. मान, छाती, पाठ मोकळी ठेवा, आणि शांत होताच सोडा. ओढणीनं किंवा दोरीनं हातपाय बांधू नका. घरातल्या कुणाची झोपेची गोळी चहात मिसळून देणंही धोक्याचं आहे. पोटात दारू असेल तर श्वास मंदावतो.

प्रत्येक ‘वेडेपणा’ मनाचा नसतो

शेजारी इथं हमखास चुकतात. माणूस काल ठीक होता आणि आज अचानक बरळतोय, तर आधी शरीराचा संशय घ्या.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना, उन्हातून आलेला माणूस असंबद्ध बोलतोय आणि अंग चटके बसण्याइतकं तापलंय, तर तो उष्माघात आहे. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत पंखा लावा आणि १०८ ला फोन करा. लिथियम (मनःस्थितीचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) घेणाऱ्यांना उन्हाळा वेगळा बाधतो: अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं औषध वाढतं. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, उलट्या, जीभ जड होणं ही त्याची लक्षणं. हा आजार उलटला नसून औषध अंगावर आलेलं असतं, त्यामुळे पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांना विचारा आणि उशीर न करता दवाखाना गाठा.

रोज पिणाऱ्यानं दारू अचानक सोडली तर दोन ते चार दिवसांत घाम, थरथर, अंगावर किडे चालल्याचा भास आणि फिट येऊ शकते. घरचे त्याला ‘बाहेरचं’ समजतात. मधुमेही माणूस घामाघूम होऊन भांडायला उठला तर साखर उतरलेली असू शकते. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका. म्हाताऱ्या माणसात लघवीचा संसर्गही एका रात्रीत भान घालवतो.

फवारणीचं औषध किंवा गोळ्या घेतल्याची शंका असेल तर मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी करवू नका. ते फुप्फुसात जाऊ शकतं. औषध सांडलेले कपडे काढा, त्वचा साबणानं धुवा, मात्र हातमोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालून. डबा, पाकीट सोबत घ्या. ‘आता बरं वाटतंय’ यावर जाऊ नका. काही विषांत पहिला दिवस बरा जातो आणि यकृत नंतर निकामी होतं.

चुकीच्या दारात नेणं

विष, जखम, ताप, फिट, डोक्याला मार यांपैकी काहीही असेल तर नागपुरात थेट मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांची कॅज्युअल्टी, जे जवळ असेल ते. मानकापूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय अशा वेळी पहिला थांबा नाही. शरीराची तक्रार नसेल आणि आधीपासून तिथलेच उपचार चालू असतील, तर तिथं न्या. ऑटोवाल्याला मात्र त्याच्यासमोर ‘पागलखाना चौक’ सांगू नका; सिग्नलला उडी मारेल. दुचाकीवर मध्ये बसवून तर नेऊच नका. कारमध्ये मागच्या सीटवर, चाइल्ड लॉक लावून, शेजारी ओळखीचा माणूस. जुनी चिठ्ठी आणि गोळ्यांच्या पट्ट्या सोबत हव्यात. मानसोपचारतज्ज्ञ नाहीत म्हणून कुणी परत पाठवत असेल, तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ९४ दाखवा: जीव धोक्यात असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो.

११२ वर फक्त ‘एक वेडा गोंधळ घालतोय’ सांगणं

असं सांगितलं की पोलीस भांडण मोडायच्या तयारीनं येतात. ‘मानसिक आजाराची तातडी आहे’ हे पहिलं वाक्य. मग पत्ता खुणेसह, हातात काही शस्त्र आहे का, दारू प्यायलाय का, कोणती भाषा बोलतो आणि कुणाचं ऐकतो. सायरन न वाजवता यायची विनंती करा. २०१७ च्या त्याच कायद्याच्या कलम १०० प्रमाणे पोलीस अशा माणसाला संरक्षणात घेऊ शकतात, पण लॉकअपमध्ये ठेवू शकत नाहीत; २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यावंच लागतं. जीव देण्याचा प्रयत्न झाला असेल तर ‘केस होईल’ म्हणून लपवू नका. कलम ११५ नुसार तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं.

धोका तातडीचा नसेल, नुसतं कुणाशी बोलायचं असेल तर टेलि-मानस, १४४१६. चोवीस तास, मराठीतही.

ताजबागच्या दर्ग्याला जायचं असेल तर जा, गोळ्या मात्र खिशात असू द्या. मिरचीची धुरी देणं, साखळीनं बांधणं, भूत उतरवायला झोडपणं हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हे आहेत.

घरी आला, संपलं

संपत नाही. दवाखान्यातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात आणि नेमकं तेव्हा शेजारी पांगलेले असतात. भेटायला एकेकटे जा, क्रिकेट किंवा गाडीच्या हप्त्यावर बोला, झाल्या प्रकाराची उजळणी नको. फवारणीची औषधं कुलपात ठेवा, गोळ्या एका वेळी आठवड्यापुरत्याच हाताशी. पुढच्या तपासणीची तारीख फ्रिजवर लिहा आणि त्या दिवशी गाडी कोण काढणार, हे आजच ठरवा.