हायब्रिड कामाची घडी कशी बसवावी

आठवड्यातले तीन दिवस ऑफिसात आणि दोन दिवस घरी, असे वेळापत्रक जाहीर झाले की हायब्रिड काम सुरू झाले, असे बहुतेक ठिकाणी धरून चालतात. पुण्याच्या हिंजवडी आयटी पार्कमध्ये एका टीमची जबाबदारी सांभाळताना सुरुवातीला मीही तेच केले आणि ज्याने त्याने आपल्या सोयीचे तीन दिवस निवडावेत, अशी मुभा दिली. परिणाम असा झाला की कोथरूडहून निघून, भूमकर चौकातल्या गर्दीत अडकत फेज तीनला पोचलेला माणूस दिवसभर कानाला हेडफोन लावून घरी बसलेल्या सहकाऱ्यांशीच बोलत राही. येण्याजाण्याचा त्रास झाला, पण भेट कोणाचीच झाली नाही.

म्हणून दिवस ठरवण्याआधी कामाची यादी करावी. पुढच्या महिन्यात टीमला काय काय करायचे आहे ते लिहून काढावे आणि त्यातले कोणते काम समोरासमोर बसल्याशिवाय नीट होत नाही व कोणते शांतता मिळाली तरच होते, अशी विभागणी करावी. नव्या डिझाइनची चर्चा, कामाचा अंदाज बांधणे, एखाद्याच्या चुकीबद्दल त्याच्याशी सविस्तर बोलणे ही एकत्र बसून करायची कामे आहेत. कोड लिहिणे, तो तपासणे आणि दस्तऐवज तयार करणे घरी अधिक चांगले होते. एकत्र बसण्याच्या कामांसाठी सगळ्यांनी ऑफिसात यायचे दोन दिवस पक्के करावेत आणि ते सहसा हलवू नयेत; तिसरा दिवस ज्याचा त्याने ठरवावा. पुण्यात देखभाल-दुरुस्तीसाठी बहुधा गुरुवारी वीज बंद ठेवली जाते, म्हणून आम्ही मंगळवारच्या जोडीला गुरुवार घेतला. असा स्थानिक तपशील कंपनीच्या धोरणात कधीच लिहिलेला नसतो. तो टीमनेच शोधावा लागतो.

यानंतरचा प्रश्न निर्णयांचा आहे, आणि माझ्या मते सगळ्यात मोठे नुकसान इथेच होते. एका बुधवारी गेटसमोरच्या टपरीवर चहा घेता घेता आम्ही तिघांनी पेमेंटच्या स्क्रीनचा क्रम बदलायचे ठरवले. निर्णय योग्य होता, पण घरून काम करणाऱ्या सहकारी मुलीला तो कळवायचे माझ्याकडून राहिले आणि ती शुक्रवारी दुपारपर्यंत जुन्याच क्रमावर काम करत राहिली. तिने तक्रार केली नाही. "मला कोणी सांगितले असते तर बरे झाले असते," एवढेच ती म्हणाली, आणि ते वाक्य माझ्या मनाला अजून लागून आहे. त्यानंतर आम्ही नियम केला की चहावर काहीही बोलावे, पण काय ठरले, का ठरले, ते कोण करणार आणि हरकत असल्यास ती कधीपर्यंत कळवायची, या चार गोष्टी त्याच संध्याकाळपर्यंत टीमच्या चॅनेलवर लिहिल्या गेल्या नाहीत तर तो निर्णय झालाच नाही असे समजायचे. पहिले दोन आठवडे हे जाचक वाटते, नंतर अंगवळणी पडते.

बैठकीलाही हेच लागू आहे. मीटिंग रूममध्ये सहाजण बसले असतील आणि दोघे घरून जोडलेले असतील, तर टेबलावरच्या एकाच माइकमधून त्या दोघांना खुर्च्या सरकल्याचा आवाज अधिक येतो आणि फळ्यावर लिहिणाऱ्याची फक्त पाठ दिसते. एकजण जरी बाहेरून जोडलेला असेल तरी सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून कॉलवर यावे, फळ्याऐवजी सगळ्यांना दिसेल अशा फाइलवर लिहावे, आणि बोलण्याची पहिली संधी घरून जोडलेल्यांना द्यावी.

घरी बसलेला माणूस काम कमी करतो, अशी शंका वरिष्ठांच्या मनात असते. ट्रिप.कॉम या चिनी कंपनीतल्या १,६१२ कर्मचाऱ्यांवरचा सहा महिन्यांचा प्रयोग २०२४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोन दिवस घरून काम करणाऱ्या गटातले राजीनामे सुमारे एक तृतीयांशाने घटले आणि पुढच्या दोन वर्षांतल्या मूल्यमापनात किंवा बढतीत फरक दिसला नाही. तरीही डोळ्यांसमोर असणारा माणूस अधिक लक्षात राहतो, हे मॅनेजरने विसरू नये. दर पंधरवड्याला प्रत्येकाने काय पूर्ण केले याची दोन ओळींची नोंद त्याने ठेवावी आणि अप्रेझलच्या वेळी आठवणीपेक्षा तिच्यावर विसंबावे.

घरच्या दिवसांत वेळेची हद्द आखणे अवघड जाते. क्लायंट अमेरिकेत असेल तर न्यूयॉर्कमधले सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. म्हणून ज्या दिवशी क्लायंटचा उशिराचा कॉल असेल तो शक्यतो घरचा दिवस ठेवावा आणि त्या दिवशी काम उशिरा सुरू करावे. घरच्यांनाही कामाचे तास स्पष्ट सांगावेत, कारण सून घरी आहे म्हणजे ती मोकळी आहे, असे गृहीत धरण्याची सवय अजून गेलेली नाही. ही गोष्ट नवऱ्यानेच पुढाकार घेऊन आईवडिलांशी बोललेली बरी. बाळंतपणाच्या रजेनंतर, कामाचे स्वरूप तसे असेल तर, मालकाशी परस्परसंमतीने अटी ठरवून घरून काम करण्याची तरतूद २०१७ च्या कायदादुरुस्तीने केली आहे, हे अनेकींना ठाऊक नसते. एचआरकडे तशी लेखी विचारणा अवश्य करावी.

नव्याने रुजू झालेल्या माणसाची मात्र वेगळी काळजी घ्यावी. शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याला विचारता येतो तसा लहानसा प्रश्न चॅटवर टाइप करायला तो संकोचतो आणि एकाच अडचणीत अर्धा दिवस घालवतो. पहिले दीड-दोन महिने त्याला एक जोडीदार नेमून द्यावा, दोघांचे ऑफिसचे दिवस एकच ठेवावेत, आणि घरच्या दिवशी दुपारच्या जेवणाआधी जोडीदारानेच फोन करून "कुठे अडलंय का?" असे विचारावे.