बाटलीच्या तोंडात पाच चॅप्टर: बूच, कॅप, सील बाहेरून मागवायच्या आधीची तयारी

सगळ्यात आधी टेबलावर जुना पेपर पसरा, ब्लेड घ्या आणि सप्लायरने पाठवलेलं सॅम्पल उभं कापा. हो, खरंच. पीआयवर (प्रोफॉर्मा इनव्हॉइस, सप्लायरचं कच्चं बिल) सही करायच्या आधी आणि सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम करणाऱ्या एजंटला, फोन लावायच्याही आधी. मी नाशिककडच्या वायनरींचं इम्पोर्टचं कागदकाम बघतो आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळलीय, बाटलीचं तोंड बंद करणारी वस्तू काय काम करते हे सगळ्यांनाच दिसतं, कस्टम्सचा खरा प्रश्न असतो ती कशाची आहे. काम एकच, पण बूच झाडाच्या सालीचं असेल तर कस्टम्स टॅरिफचा, म्हणजे ड्युटीच्या यादीचा, चॅप्टर ४५, प्लास्टिकचं असेल तर ३९, पत्र्याची किंवा अॅल्युमिनियमची कॅप असेल तर ८३, काचेचा स्टॉपर असेल तर ७० आणि रबराची रिंग वेगळी मागवली तर ४०. एका बाटलीच्या तोंडात पाच चॅप्टर. त्यामुळे 'बॉटल क्लोजर, १ लाख नग' एवढ्याच वर्णनाचं इनव्हॉइस आलं की समजायचं, क्वेरी, म्हणजे कस्टम्सचा लेखी प्रश्न, येणार.

कापल्यावर काय बघायचं ते सांगतो. अख्खं एकसंध बूच, सालीच्या रेषा आणि बारीक भोकं दिसतायत, कुठे चिकटवलेलं नाही, तर ते नॅचरल कॉर्क, हेडिंग (चॅप्टरमधला चार आकडी गट) ४५०३ आणि त्यातलं ४५०३ १०. कडा मात्र बघा, कारण नुसते धारदार कडांचे कच्चे तुकडे आणून इथे घासून-पुसून बूच करणार असाल तर ते ४५०२ मध्ये जातं, हे पुष्कळांना माहीतच नसतं. आत बुचाचा भुगा गोंदाने दाबलेला दिसला तर अॅग्लोमरेटेड कॉर्क, म्हणजे ४५०४. मधला प्रकार म्हणजे भुग्याचं अंग आणि दोन्ही टोकांना अस्सल बुचाची चकती, ज्याला धंद्यात वन प्लस वन म्हणतात. वरून ते नॅचरलच वाटतं, सेल्सवाला पण नॅचरल म्हणूनच विकतो, पण जवळजवळ सगळं अंग भुग्याचं असतं म्हणून आम्ही ते ४५०४ मध्येच भरतो. ब्लेड लागतं ते यासाठी. आणि कापल्यावर आत फोमसारखं गुळगुळीत पांढरट काही निघालं तर ते सिंथेटिक कॉर्क, नावात कॉर्क असलं तरी ते प्लास्टिक, ३९२३ ५०.

नावाचाच विषय निघालाय तर आमच्या ऑफिसातली एक जुनी फजिती सांगतो. स्पार्कलिंग वाईन बाटलीत आंबत असते तेव्हा तिला तात्पुरतं क्राऊनचं झाकण लावतात, सोड्याच्या बाटलीला असतं तसंच, फक्त साधारण २६ एमएमऐवजी बऱ्याचदा २९ एमएमचं. इनव्हॉइसवर लिहिलेलं 'क्राऊन कॉर्क'. नवीन मुलाने कॉर्क वाचलं आणि चेकलिस्टमध्ये (कस्टम्सला भरायच्या अर्जाचा कच्चा मसुदा) ४५०३ टाकलं, मी दुसऱ्या शिपमेंटच्या भानगडीत होतो, न बघताच ओके केलं. क्राऊन कॉर्क म्हणजे पत्र्याचं झाकण, टॅरिफमध्ये त्याला सरळ नावाने जागा आहे, ८३०९ १०. पूर्वी त्या झाकणाच्या आत बुचाची चकती असायची म्हणून नाव चिकटलं ते चिकटलंच. क्वेरी आली, कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ खाली दुरुस्तीचा अर्ज केला, तोपर्यंत माल सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात, पडून, भाडं चालू, आणि पार्टीला काय सांगायचं म्हणून मी दोन दिवस फोन टाळत बसलो. तेव्हापासून चेकलिस्ट आली की मी इनव्हॉइसचं वर्णन नाही, कापलेलं सॅम्पल समोर ठेवून वाचतो.

अॅल्युमिनियमच्या स्क्रू कॅपला त्रास कमी. वाईनला ३० बाय ६० एमएमची लांब स्कर्टची कॅप चालते, तिच्या आत प्लास्टिक नाहीतर टिन फॉइलचं लायनर असतं, पण लायनर आहे म्हणून ती प्लास्टिकची होत नाही, ८३०९ ९० मध्येच राहते. डोकं लागतं ते बाटलीच्या मानेवरच्या कॅप्सूलला. टिनची असेल तर ८३०९, पीव्हीसीची श्रिंक होणारी असेल तर ३९२३ ५०, आणि तिसरी ती पॉलिलॅम, म्हणजे अॅल्युमिनियम-प्लास्टिक-अॅल्युमिनियम असा सँडविच पत्रा. तिथे सप्लायरकडून लेखी घ्या की वजनात अॅल्युमिनियम किती आणि प्लास्टिक किती, प्रत्येक थर किती मायक्रॉनचा. कारण मिश्र वस्तूचा नियम असा की जिच्यामुळे वस्तूला तिचं मूळ रूप येतं त्या मटेरियलने वर्गीकरण करायचं, आणि ते ठरवता आलंच नाही तर लागू होणाऱ्या हेडिंगांपैकी आकड्याने शेवटचं जे येतं ते घ्यायचं. ऑफिसर विचारतो तेव्हा 'आम्ही नेहमी असंच भरतो' हे उत्तर नसतं, डेटाशीट हे उत्तर असतं. ब्रँडीच्या बाटलीला असतं ते टी-कॉर्क, वर लाकडी किंवा प्लास्टिकची टोपी आणि खाली बुचाचा दांडा, त्यालाही हाच न्याय.

'सील' हा शब्द तर इनव्हॉइसवर दिसला की माझ्या पोटात गोळाच येतो. सील म्हणजे काय रे बाबा? इंजेक्शनच्या व्हायलवरचं फ्लिप-ऑफ सील, म्हणजे खाली अॅल्युमिनियमची रिंग आणि वर रंगीत प्लास्टिकचं बटण? त्यात बाटली बंद करते ती रिंग, बटण नुसतं उपटायला, म्हणून ते ८३०९. कंटेनरच्या दाराला मारतात ते बोल्ट सील? तेही धातूचं म्हणून ८३०९ मध्येच, आणि त्याला आयएसओ १७७१२ चं सर्टिफिकेट लागतं ती वेगळी गोष्ट. झाकणातली साध्या व्हल्कनाइज्ड रबराची चकती? ४०१६ ९३. धातूचा पत्रा आणि दुसरं मटेरियल जोडून केलेलं गॅस्केट? ८४८४. मधाच्या किंवा काकवीच्या बरणीवर चिकटतो तो इंडक्शन फॉइल? रोलमध्ये आला तर पातळ अॅल्युमिनियम फॉइल म्हणून ७६०७, पण झाकणाच्या मापाच्या चकत्या कापून आल्या तर त्या तयार वस्तूसारख्या झाल्या, मग ७६०७ सोडून ८३०९ कडे बघावं लागतं. फॉइलवाल्यांनी अँटी-डंपिंग ड्युटी (बाहेरचा माल फार स्वस्त ओतला जातो म्हणून लावलेली जादा ड्युटी) पण बघावी, चीनच्या फॉइलवर ती २०१७ पासून कधी ना कधी लागत आलीय, आणि ती मूळ ड्युटीच्या वर असते. म्हणून सप्लायरला सांगायचं की सील लिहू नको, मटेरियल, माप, कशावर बसतं आणि कसं बंद होतं हे चार शब्द लिही. इथे ताकाला जाऊन भांडं लपवू नका, वर्णन झाकलं की संशय वाढतो.

आता वजन. हे छोटं वाटतं पण इथेच खूप जण अडकतात. बूच, कॅप, कॅप्सूल सगळं विकलं जातं हजार नगांच्या भावाने आणि टॅरिफमध्ये यांचं एकक आहे किलो. २४ बाय ४५ एमएमचं एक नॅचरल कॉर्क साधारण साडेतीन-चार ग्रॅमचं असतं, म्हणजे १ लाख बुचं म्हणजे ३५० ते ४०० किलो. पॅकिंग लिस्टमध्ये प्रत्येक कार्टनचं नेट वजन वेगळं आणि ग्रॉस वेगळं मागा, नाहीतर बीई (बिल ऑफ एन्ट्री, माल सोडवायचा अर्ज) भरताना अंदाजे टाकावं लागतं आणि अंदाज चुकला की किलोचा भाव विचित्र दिसतो, मग व्हॅल्यूवर प्रश्न. मिक्स कंटेनर असेल, म्हणजे थोडं बूच, थोड्या कॅप्सूल, थोडे स्क्रू कॅप, तर प्रत्येकाची ओळ, किंमत आणि वजन वेगवेगळं, 'असॉर्टेड' हा शब्द नको.

ड्युटीचा हिशोब ऑर्डरच्या आधी कागदावर करा, नंतर करणं म्हणजे वरातीमागून घोडं. समजा सीआयएफ किंमत (माल, फ्रेट आणि इन्शुरन्स धरून) १० लाख रुपये आणि बेसिक ड्युटी १० टक्के धरली, तर बेसिक १ लाख, त्याच्यावर १० टक्के सोशल वेल्फेअर सरचार्ज म्हणजे १० हजार, झाले ११ लाख १० हजार, त्याच्यावर १८ टक्क्यांनी आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी) १ लाख ९९ हजार ८००, एकूण ३ लाख ९ हजार ८००. हेच हेडिंग बदलून बेसिक १५ टक्के झाली तर एकूण ३ लाख ७४ हजार ७००. आयजीएसटीचं क्रेडिट ज्याला मिळतं त्याने तो भाग वेगळा काढावा, खरा फरक बेसिक आणि सरचार्जचा, इथे ५५ हजारांचा. पण दारूवर जीएसटी नाही, त्यामुळे वाईन करणाऱ्याला बुचावरच्या आयजीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, तो पूर्ण खर्चच. मधवाला आणि वाईनवाला एकच कॅप मागवतील पण दोघांना ती वेगळ्या भावात पडेल, हे कॉस्टिंग शीटमध्ये विसरलेले लोक मी पाहिलेत. हे १०, १५ आणि १८ मी हिशोबापुरते धरलेत, दर बजेटमध्ये आणि एरवीही बदलतात, म्हणून आठ आकडी टॅरिफ आयटम काढून त्या दिवसाचा टॅरिफ रेट आणि सवलतीचं नोटिफिकेशन दोन्ही बघा. फेब्रुवारीच्या तोंडावर माल येत असेल तर लक्षात असू द्या, दर धरतात तो बीई भरल्याच्या दिवसाचा, आणि बीई आधी भरली असेल तर जहाजाच्या एन्ट्री इनवर्डचा (कस्टम्स जहाजाला माल उतरवायची परवानगी देते तो दिवस), जो नंतरचा असेल तो.

सप्लायर एफओबी, म्हणजे फ्रेट-इन्शुरन्स सोडून जहाजावर चढवण्यापर्यंतचा भाव, देत असेल तर फ्रेटचं आणि इन्शुरन्सचं बिल हातात ठेवा. आकडा नसला तर कस्टम्स एफओबीच्या २० टक्के फ्रेट आणि १.१२५ टक्के इन्शुरन्स धरते, आणि बुचासारख्या हलक्या पण महाग मालाला २० टक्के म्हणजे बऱ्याचदा स्वतःच्या पायावर धोंडा. रुपयाचा दरही बँकेचा चालत नाही, कस्टम्सचा चालतो.

एफटीएची, म्हणजे देशादेशांतल्या व्यापार कराराची, सवलत घ्यायची असेल तर वेगळी फाईल करा. माल दुबईच्या ट्रेडरकडून घेतला म्हणून तो यूएईचा होत नाही, कॅप चीनच्या कारखान्यात दाबली असेल तर ओरिजिन चीनच. २१ सप्टेंबर २०२० पासून कॅरोटार नियम (करारातल्या सवलतीसाठी ओरिजिन तपासायचे) लागू आहेत, त्यात नुसतं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन दाखवून भागत नाही, माल तिथे कसा बनला, किती टक्के मूल्य तिथलं, ही माहिती इम्पोर्टरकडे असावी लागते आणि पाच वर्षं जपावी लागते. सप्लायर 'हे आमचं सिक्रेट' म्हणाला तर सवलतीचा नाद सोडा, सरळ ड्युटी भरा.

हेडिंगबद्दल मनातून खात्री नसेल आणि माल वर्षभर येत राहणार असेल तर अॅडव्हान्स रूलिंग, म्हणजे हेडिंगवर आधीच मिळणारा सरकारी निकाल, घ्या. मुंबईत आणि दिल्लीत त्याची ऑथॉरिटी आहे, अर्जाची फी १० हजार रुपये, निकाल तीन महिन्यांत अपेक्षित आणि तो ठरावीक वर्षं चालतो, मधे कायदा बदलला नाही तर. एका कंटेनरसाठी हे जड आहे, पण महिन्याला एक कंटेनर असेल तर स्वस्त पडतं. नाहीतर काय होतं, दोन वर्षांपर्यंत मागे जाऊन कमी भरलेली ड्युटी मागता येते, मुद्दाम लपवलं असा आरोप असेल तर पाच वर्षं, वर व्याज.

बाकीची छोटी कामं भराभर. आयईसी (इम्पोर्टरचा सरकारी कोड) दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अपडेट करावा लागतो, काही बदल नसला तरी, नाहीतर तो बंद पडतो आणि हे कळतं बीई भरताना. प्लास्टिकची कॅप किंवा पीव्हीसी कॅप्सूल असेल तर सीपीसीबीकडे (केंद्रीय प्रदूषण मंडळ) ईपीआरचं, म्हणजे प्लास्टिक कचऱ्याच्या जबाबदारीचं, रजिस्ट्रेशन आधीच बघून ठेवा. खाद्यपदार्थाला लागणारं क्लोजर आहे म्हणून मायग्रेशनचा (क्लोजरमधून पदार्थात उतरणाऱ्या घटकांचा) टेस्ट रिपोर्ट मागा, एफएसएसएआयच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत प्लास्टिकसाठी एकूण मायग्रेशनची मर्यादा ६० मिलिग्रॅम प्रति किलो आहे. लाकडी पॅलेटवर आयपीपीसीचा शिक्का (लाकडावर किडीविरुद्ध प्रक्रिया झाल्याची खूण) आहे का याचा फोटो लोडिंगच्या दिवशीच व्हॉट्सअॅपवर मागवा. बीई जहाज यायच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची, उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५ हजार आणि पुढे रोज १० हजार. आणि आता असेसमेंट फेसलेस आहे, माल न्हावा शेवाला उतरला तरी फाईल दुसऱ्या शहरातला ऑफिसर बघत असतो, त्याला तुम्ही भेटून बूच हातात देऊ शकत नाही, म्हणून कापलेल्या सॅम्पलचा शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो, डेटाशीट आणि कॅटलॉगचं पान ई-संचितवर (कस्टम्सची कागद चढवायची ऑनलाइन सोय) आधीच चढवा. माझ्या निम्म्या क्वेरी या एका फोटोने बंद झाल्यात.

एक गोष्ट फक्त बूचवाल्यांसाठी. नॅचरल कॉर्क हजार-हजारच्या सीलबंद पिशव्यांत येतात, आत सल्फर डायऑक्साइड भरलेला असतो, बुरशी लागू नये म्हणून. तपासणीत पिशवी फाडली की गॅस गेला, आणि ती पिशवी गोदामात महिनाभर पडली तर बाटलीला लावायची हिंमत होत नाही. म्हणून सप्लायरला सांगून दाराजवळच्या कार्टनमध्ये शंभरेक बुचांची छोटी पिशवी वेगळी ठेवायला लावा, वर 'सॅम्पल' लिहून, पॅकिंग लिस्टमध्येही तिची ओळ हवी. तपासणी आली तर तुमचा माणूस तीच पुढे करेल. ऑफिसरने ऐकलं तर ठीक, नाही ऐकलं तर फाडलेली पिशवी त्याच दिवशी टेप मारून वेगळी ठेवा आणि आल्या आल्या सगळ्यात आधी तीच वापरा.

माल सुटला की प्रत्येक प्रकारातला एक नग कापून आणि एक अख्खा, दोन्ही एका झिपच्या पिशवीत टाका, बीई नंबर आणि तारीख मार्करने लिहा. माझ्याकडे मिठाईच्या तीन जुन्या डब्यांत अशा पिशव्या आहेत, बायको दर दिवाळीला विचारते टाकू का, मी नाही म्हणतो.