भाकरी का नको? लो-कार्ब जेवणाऱ्यानं कोल्हापुरात कुणाला काय उत्तर द्यावं

कोल्हापुरात भाकरीला नको म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "का, काय दुखणं-बिखणं?" त्यात टीका कमी, काळजी जास्त. आठवड्यानं तोच माणूस विचारतो, "अजून चाललंय होय?" आणि महिनाभरानं सल्ले सुरू होतात. या तिन्हींना एकच उत्तर दिलं की बिघडतं. समोरचा नेमकं कशावर बोलतोय ते आधी ओळखा: तुमच्या तब्येतीवर, स्वतःच्या पाहुणचारावर, की खरोखरच आहारावर. बहुतेक टोमण्यांचं मूळ पाहुणचारात असतं. प्रेमानं वाढलेलं परत गेलं, याचा तो राग असतो. तिथं इन्सुलिन आणि ग्लुकोज काढून बसलात तर राग वाढतो आणि ताटातली भाकरीही हलत नाही.

आधी आपला आकडा पक्का करा

ज्याला स्वतःलाच धड माहीत नाही, त्याला कुणीही कोपऱ्यात घेतं. दिवसाला 130 ग्रॅमच्या आत कर्बोदकं असली की साधारणपणे लो-कार्ब म्हणतात. 20 ते 50 ग्रॅम म्हणजे किटो. दोन्हींत फार अंतर आहे, आणि लोक जी भीती घालतात ती बहुतेक किटोबद्दल ऐकलेली असते. तुम्ही 100 ग्रॅमवर असाल तर तसं सांगा: "बंद काही नाही, कमी केलंय." एवढ्यावर निम्मे वाद मिटतात.

रोजच्या पदार्थांचे अंदाज पाठ असू द्यात. 60 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीत साधारण 40 ग्रॅम कर्बोदकं असतात. आपल्याकडची थोराड भाकरी 80 ग्रॅम पिठाची असते, ती 50 च्या पुढे जाते. 30 ग्रॅम कणकेच्या चपातीत 20. दीडशे ग्रॅम शिजलेल्या भातात 40 च्या आसपास. म्हशीच्या पाव लिटर दुधात 12-13, तेही साखर न घालता, म्हणून दूध कट्ट्यावरचा पेला हिशेबात धरायचा. अंड्यात जवळजवळ काही नाही, मटणात तर नाहीच.

"ज्वारी चालते की, नाचणी तर शुगरवाल्यांना चांगली" हे हमखास ऐकायला मिळतं. ज्वारी-नाचणीत तंतू जास्त, हे खरं. पण कोरड्या पिठाचा दोन-तृतीयांश भाग कर्बोदकांचाच असतो. वाद घालायची गरज नाही. "चालते, पण अर्धी" म्हणा आणि अर्धीच घ्या.

मिसळीबाबत उलटं होतं. ब्रेड बाजूला ठेवला की काम झालं, असं स्वतःलाच वाटतं. दोन स्लाइस गेले म्हणजे 25 ग्रॅम गेले, पण मूठभर फरसाणात 20 ते 25 आणि वाटीभर मटकीत 15 ते 20 राहतातच. समोर बसलेल्या मित्रानं "हे कसलं रं लो-कार्ब?" म्हटलं तर त्याचं बरोबर आहे. फरसाण वेगळं मागवा, मटकी आणि कट घ्या, आणि कटावरची तर्री चमच्यानं थोडी बाजूला काढा.

घरी: बोलायचं ते पीठ मळायच्या आधी

घरातली नाराजी सहसा दोन कारणांनी असते. एक, केलेली भाकरी शिळी होते. दोन, "आता तुझं वेगळं कोण करत बसणार?" दोन्ही तक्रारी रास्त आहेत, आणि दोन्हींचा इलाज वेळेत आहे. ताटावर बसल्यावर नको म्हणू नका. सकाळी, पीठ परातीत पडायच्या आधी सांगा: "आई, माझ्या वाटणीची थापू नकोस." सासूबाईंना सांगायचं तर "माझी भाकरी धरू नका, भाजी जरा जास्त लागंल," म्हणजे नकाराबरोबर मागणीही आली. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला नुसता नकार झोंबतो. जास्तीची भाजी मागितलेली मात्र आवडते.

वेगळा पदार्थ मागायचा नाही, हा नियम कडक पाळा. सगळ्यांसाठी जी वांग्याची, मेथीची, पडवळाची भाजी होते तीच दुप्पट घ्या. आमटी पातळ घ्या, वाटीभर दही, काकडी-मुळा, मूठभर शेंगदाणे, आणि जमत असेल तर दोन अंडी, स्वतः उकडलेली. बटाटा, सुरण, रताळं हे भाजीच्या नावाखाली येतात, त्यांचा हिशेब भातासारखा करा. प्रथिनं मोजली नाहीत तर दुपारी चारला हात चिवड्याच्या डब्यात जातो, आणि मग घरातले म्हणतात, "भाकरी नको, पण हे चालतं?" वजनाच्या दर किलोमागे साधारण 1 ग्रॅम धरा. 60 किलोच्या माणसाला 60 ग्रॅम: दोन अंडी 12, शंभर ग्रॅम पनीर 18, दीडशे ग्रॅम बिनहाडाचं मटण 30.

पहिल्या पंधरवड्यात थकवा, डोकेदुखी, बद्धकोष्ठ होऊ शकतं. तेव्हाच "बघ, म्हटलं नव्हतं?" येतं. ग्लायकोजन, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, वापरला जातो, त्याच्याबरोबर धरलेलं पाणी उतरतं आणि मीठही जातं. म्हणून वजन झपाट्यानं कमी दिसतं आणि चक्करही येते. रक्तदाब नसेल तर ताकात मीठ घालून दिवसातून दोन पेले प्या, पालेभाज्या वाढवा. आणि हो, पहिल्या आठवड्यातलं उतरलेलं वजन गावभर सांगू नका. त्यातलं बरंचसं पाणी असतं. पुढच्या महिन्यात काटा थांबला की तेच लोक विचारायला येतात.

पाव्हणं म्हणून गेल्यावर

या बाबतीत आपला जिल्हा सोयीचा आहे. सुकं मटण, तांबडा, पांढरा, अंडं, कांदा-लिंबू, दही एवढ्यात ताट भरतं. अडचण येते ती वाढपी भाकरी ठेवून पुढे गेल्यावर. ताटात पडलेली भाकरी परत द्यायची म्हणजे यजमानाचा अपमान, आणि टाकायची तर अन्नाचा. म्हणून वाढपी पंगतीत दोन माणसं अलीकडे असतानाच हात आडवा करा आणि त्याच दमात काहीतरी मागा: "भाकरी राहू दे, पांढरा वाढा." नको हा शब्द एकटा सोडायचा नाही. त्याच्या मागोमाग मागणी आली की आग्रह रश्शाकडे वळतो.

तरीही मामी म्हणणारच, "एक तरी घे की रं, पोटाला आधार काय?" अर्धी घ्या, आनंदानं खा आणि गप्प बसा. अर्ध्या भाकरीत 20-25 ग्रॅम आहेत; 100 ग्रॅमच्या दिवसात ती सहज बसते. किटोवर असाल तर मात्र आदल्या दिवशी फोन करून सांगितलेलं बरं. आग्रहाला तीनदा नको म्हणून चौथ्यांदा घेणं सगळ्यात वाईट, कारण पुढच्या वेळी चार वेळा आग्रह होतो.

खानावळीत एक गोष्ट तपासा. पांढरा रस्सा म्हणजे मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध आणि काजू-खसखस-तिळाचं वाटण; दोन वाट्यांनी फारसं बिघडत नाही. काही ठिकाणी मात्र दाटपणासाठी कॉर्नफ्लॉवर किंवा मैदा लावतात. असा रस्सा जरा कोमट झाला की खळीसारखा गुळगुळीत आणि घट्ट होतो. शंका आली तर तांबड्यावर राहा.

खोटी कारणं देऊ नका. "ॲलर्जी आहे" म्हटलं आणि महिन्यानं लग्नात पुरणपोळी खाताना दिसलात की विषय वर्षभर पुरतो. "डॉक्टरांनी सांगितलंय" हे त्यांनी सांगितलं असेल तरच. आणि दुसऱ्याच्या ताटाकडे बघून "या भातात किती साखर आहे माहितीय काय?" हे तर कधीच नाही. लो-कार्बवाल्यांची जी थट्टा होते, तिची निम्मी कमाई त्यांनी या एका वाक्यातून केलेली असते.

प्रसाद, सण, श्रावण

जोतिबाचा नैवेद्य, गणपतीचा मोदक, नरसोबाच्या वाडीहून आलेले पेढे: घ्या. एका लहान पेढ्यात दहा ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, आणि अख्खा खायची सक्ती कुणाचीच नसते. चिमूटभर तोंडात टाकून उरलेला घरी न्यावा किंवा शेजारच्या पोराला द्यावा. पुरणपोळी मात्र चाळीसच्या पुढे जाते. त्या दिवशी ती खायची असेल तर भात आणि कटाच्या आमटीतलं गोड सोडा, आणि खाल्ली हे लपवू नका.

गुळाबद्दल इथं बोलणं अवघड, कारण बोलणाऱ्याच्याच शिवारात ऊस असतो. "साखर नको, ठीक, गूळ तर घरचा आहे!" गुळात लोह आणि खनिजं थोडी असतात, पण तोही बहुतांश साखरच आहे, दहा ग्रॅमच्या खड्यात नऊ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं. गुऱ्हाळावर उभं राहून हे सांगायचं नसतं. काकवीचं बोट चाटा, गुळाची ढेप घरच्यांसाठी घेऊन या.

श्रावण खरा कस काढतो. मटण-अंडी बंद, वर सोमवार-शनिवार. "आता काय खाणार?" हा प्रश्न टोमणा म्हणून आला तरी रास्त आहे. साबुदाणा, वरी, बटाटा, रताळं म्हणजे सगळा स्टार्च. उपवासाच्या एका ताटात नेहमीच्या जेवणापेक्षा जास्त कर्बोदकं सहज होतात. उपवासाला शेंगदाण्याची आमटी नुसती प्या, काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून, ताक, ओलं खोबरं, घरच्या दुधाचं पनीर. एरवी पनीर, दही, मुगाची पातळ आमटी, भाज्या. महिनाभर आकडा 100 वरून 130 वर गेला तर जाऊ द्या.

तालमीतल्या मित्रांचं ऐका

"भावा, भाकरी सोडलीस तर ताकद कुठनं येणार?" हे हसण्यावारी नेऊ नका. चालणं, घरकाम, ऑफिस यासाठी शरीर चरबीवर चालतं, आणि मेंदूला लागणारं ग्लुकोज यकृत स्वतः तयार करतं. पण जोर-बैठका, झटापट, वेगानं पळणं हे स्नायूंतल्या ग्लायकोजनवर चालतं. रोज तास-दोन तास घाम गाळणाऱ्यानं व्यायामानंतर एक भाकरी किंवा दोन केळी घेतली तर त्यात हार नाही. बैठी नोकरी करणाऱ्यानं हे कारण वापरू नये, एवढंच.

"आमचा आजा भाकरीवर नव्वद वर्षं जगला," यालाही हो म्हणा. आजा पहाटेपासून औत धरायचा, त्याच्या भाकरीला तेवढं काम होतं. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीत भारतीयांच्या रोजच्या ऊर्जेचा साधारण 62 टक्के वाटा कर्बोदकांचा निघाला, आणि काम मात्र खुर्चीवरचं झालं. हे एका वाक्यात सांगता येतं. व्हॉट्सॲपच्या कौटुंबिक गटात मात्र तेही नको. तिथं उत्तराला उत्तर येतं आणि रात्रीचे अकरा वाजतात.

डॉक्टरांची टीका वेगळ्या खात्यात

इथं विनोद आणि हुशारी दोन्ही बाजूला ठेवायची. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना भाकरी-भात कमी केलात आणि डोस तोच राहिला, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन यांत हा धोका सर्वांत जास्त. 70 च्या खाली गेली की लगेच तीन छोटे चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायची. त्या वेळी लो-कार्ब विसरायचं. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी असेल तर किटो करूच नये, कारण साखर फारशी न वाढताही रक्त आम्लधर्मी होण्याचा धोका असतो. रक्तदाबाची गोळीही कमी करावी लागू शकते. मूत्रपिंडाचा आजार, टाइप 1 मधुमेह, गरोदरपण, अंगावर पाजणं: यात स्वतःच्या मनानं काही सुरू करायचं नाही.

जाताना सात दिवसांचं खाणं वहीत लिहून न्या, पदार्थ आणि वाट्या. गोळ्यांच्या पट्ट्या न्या. सुरू करण्याआधीची आणि तीन महिन्यांनंतरची एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड प्रोफाइल आणि क्रिएटिनिन शेजारी ठेवा. काहींचा एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) लक्षणीय वाढतो. वाढला तर "हे चालतंच" म्हणून झटकू नका. तर्री, डालडा, साय कमी करून दाणे, मासे, गोडं तेल यांवर या आणि पुन्हा तपासा. "एवढं तेल-तूप बरं नव्हं" म्हणणारी आत्ती इथं बरोबर ठरते, तर तसं तिला सांगा.

पुढे भाकरी परत सुरू करावीशी वाटली तर तेव्हाही लोक बोलतील. "होय, आता दुपारी एक खातो," एवढं सांगून विषय बदला. दुपारच्याच जेवणात आणा, भाजी आणि दही आधी खाऊन, आणि मधुमेह असेल तर पहिल्या घासापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर बघा. 180 च्या वर गेली तर अर्धीवर या.