गुलमर्गला अ‍ॅव्हलांच (हिमस्खलन) कोर्सला निघालात? माझा अनुभव

दहा-बारा वर्षं सह्याद्रीत भटकलं की नजर कायम पायाखाली राहते, घसारा आहे का, दगड हलतोय का, एवढंच. गुलमर्गला पहिल्याच दिवशी इन्स्ट्रक्टर म्हणाला, नीचे नहीं, ऊपर देखो. तुम्ही सपाटीवर उभे असलात तरी वरच्या उतारावरचा बर्फ सुटला तर तो तुमच्यापर्यंत येतोच ना!

सगळ्यात आधी उताराचा कोन. ३० ते ४५ अंश म्हणजे धोक्याचा पट्टा, स्की पोल उतारावर आडवा टाकायचा, त्यावर फोन ठेवायचा आणि अ‍ॅपमध्ये कोन बघायचा. गुलमर्गच्या वरच्या अफरवट डोंगरावर गोंडोलाजवळच्या (केबल कारजवळच्या) भागात स्की पेट्रोलचं, म्हणजे सुरक्षा पथकाचं, लक्ष असतं, पण हद्दीच्या दोरीपलीकडे गेलात की तुमचं तुम्ही.

मग स्नो पिट, म्हणजे बर्फाचे थर बघायला खणलेला खड्डा. मी जमिनीपर्यंत खणला (पाठ दोन दिवस दुखत होती), वर वाऱ्याने दाबलेला घट्ट थर आणि तळाला चक्क साखर! हातात घेतली तर मुठीतून गळून जाते, गोळाच होत नाही. होतं काय, सीझनच्या सुरुवातीला बर्फ पातळ असतो, जमीन शून्य अंशाच्या आसपास आणि वरची हवा कडाक्याची थंड, त्यामुळे आतली वाफ वर सरकत राहते आणि खालचे कण मोठे, सुटे होतात, एकमेकांना धरतच नाहीत. त्यावर पुढचा सगळा बर्फ बसतो.

असा कच्चा थर सुटतो का हे बघायची टेस्ट सोपी आहे, ३० बाय ३० सेंटीमीटरचा खांब कापायचा, वर फावड्याचं पातं ठेवायचं आणि थापा मारायच्या, १० मनगटातून, १० कोपरातून, १० खांद्यातून. माझा खांब तिसाव्या थापेलाही ढिम्म! मी खूश. इन्स्ट्रक्टर काही न बोलता मला पन्नासेक पावलं पलीकडे घेऊन गेला, वारा जिथे बर्फ उडवून आणून टाकतो त्या बाजूला, तिथे बाराव्या थापेला अख्खा ठोकळा ड्रॉवर उघडावा तसा सर्रकन बाहेर आला. माझं चुकलं काय तर खणायला सोपी जागा बघून खणलं होतं. पिट वाईट आला तर मागे फिरायचं, चांगला आला म्हणून चढायचं नाही. आणि चालताना पायाखाली धप्प असा दबका आवाज आला, तडे पळताना दिसले, तर टेस्टबिस्ट सोडा, उतारावरून बाजूला व्हा.

जायच्या आधी घरी एक करा, बीकन (गाडलेल्या माणसाला शोधायचं, सिग्नल देणारं-पकडणारं यंत्र) भाड्याने मिळत असेल तर मित्राला एक मैदानात लपवायला सांगून शोधायची प्रॅक्टिस करा. गाडला गेलेल्या माणसाकडे साधारण १५ मिनिटं असतात, त्यानंतर वाचायची शक्यता झपाट्याने खाली येते. मला पहिल्यांदा अकरा मिनिटं लागली, नुसतं शोधायला! खणणं राहिलंच होतं. फोन खिशात चालू होता, शोधताना तो बीकनपासून निदान ५० सेंटीमीटर लांब ठेवायचा असतो हे मला तिथे कळलं.