चिकन सॉसेज रवाळ होते, चरबी सुटते? मिश्रण करताना या चुका टाळा

घरी केलेले चिकन सॉसेज कापल्यावर गुळगुळीत काप न पडता त्याचा भुगा होतो आणि ते ज्या पाण्यात शिजवले त्यावर पिवळा तवंग दिसतो, तेव्हा बहुतेक जण चरबी जास्त झाली असे समजून पुढच्या वेळी ती कमी करतात. हे निदान बहुधा चुकते. मांसातील मायोसिन हे प्रथिन मिठाच्या पाण्यात विरघळते, चरबीच्या थेंबांवर पातळ पापुद्रा धरते आणि उष्णतेने त्याचे जाळे विणले जाते. पापुद्रा असलेला थेंब या जाळ्याला बांधला जातो व जेलला, म्हणजे शिजून घट्ट झालेल्या मिश्रणाला, कणखरपणा देतो. उघडा राहिलेला थेंब मात्र जाळ्यातले भोक ठरतो.

म्हणून किमा, मीठ, चरबी आणि मसाला एकदम मिक्सरमध्ये टाकू नये. आधी किमा, मीठ आणि थोडा बर्फाचा चुरा एवढेच फिरवावे, आणि मिश्रण पालथ्या हाताला चिकटून राहू लागले की मगच चरबी घालावी. ‘मीठ चवीनुसार’ हा आपला लाडका शब्दप्रयोग येथे चालत नाही. 1 किलो मिश्रणाला 18 ते 20 ग्रॅम मीठ लागतेच, कारण त्याहून फार कमी मिठात मायोसिन पुरेसे सुटत नाही.

सर्वांत महागात पडते ते तापमान. घरगुती मिक्सर झपाट्याने तापतो आणि कोंबडीची चरबी मऊ असल्यामुळे मिश्रण 12 अंश सेल्सिअसच्या वर जाऊ न देणे बरे. शिवाय थेंबांचा व्यास निम्मा झाला की तेवढ्याच चरबीचा एकूण पृष्ठभाग दुप्पट होतो. त्यामुळे अजून बारीक करण्याच्या हौसेपायी प्रथिन अपुरे पडते. एकदा फुटलेले, म्हणजे चरबी वेगळी झालेले, मिश्रण फ्रीजमध्ये घट्ट वाटले, तरी शिजताना चरबी सोडतेच.

चरबीऐवजी तेल वापरायचे असल्यास ते नुसते ओतू नये. सोया प्रोटीन आयसोलेट (सोयाबीनच्या प्रथिनाची पूड) किंवा सोडियम केसिनेट (दुधातील प्रथिनाची पूड) पाण्यात घेऊन त्यात तेल घुसळावे. या बारीक थेंबांमुळे जेल, तेवढेच तेल थेट घातल्यापेक्षा सहसा अधिक घट्ट होते. येथे पॉलिसॉर्बेटसारखे इमल्सिफायर (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) वापरण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्याचे लहान रेणू थेंबावरची प्रथिनाची जागा बळकावतात, थेंब जाळ्याशी जोडला जात नाही आणि जेल ढिले पडते.

लिंबाचा रस, दही किंवा व्हिनेगर हेही मिश्रणात नको. आम्लता वाढली की मायोसिनची पाणी धरण्याची शक्ती घटते. आंबटपणा चटणीत असू द्यावा.

खळखळत्या पाण्यात शिजवल्यास बाहेरचे प्रथिन आवळले जाऊन रस आणि चरबी बाहेर पिळली जाते. पाणी 80 अंशांच्या आसपास ठेवावे आणि सॉसेजच्या मध्यभागी 74 अंश झाले की लगेच ते बर्फाच्या पाण्यात टाकावे. मात्र सगळे मिश्रण आवरणात भरण्यापूर्वी लिंबाएवढा गोळा प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून याच पाण्यात शिजवून पाहावा. कागदात चरबी साठलेली दिसली, तर ते मिश्रण सॉसेजसाठी न वापरता कबाबांकडे वळवावे.