हातपाय गाळू नका: पोस्टर हाताने कसं छापायचं

२००९ च्या मंदीत आमच्या लालबागच्या छापखान्याच्या गाळ्यात लग्नपत्रिकांची कामंही निम्म्यावर आली होती. तेव्हा चाळीतला एक मुलगा, नोकरी नुकतीच गेलेली, हातात एक मग घेऊन आला. लाल रंग, पांढरी अक्षरं, वर मुकुट: ‘कीप काम अँड कॅरी ऑन’. म्हणाला, “काका, हे मराठीत छापून द्या, भिंतीवर लावायचंय.” हल्ली पुन्हा लोक तेच मागायला लागलेत, म्हणून रीत लिहून ठेवतो.

आधी शब्द. ‘शांत राहा आणि चालू ठेवा’ असं आपण कुणाला म्हणत नाही. १९८२ च्या संपात बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा आई डबे भरता भरता म्हणायची, “हातपाय गाळू नका.” मी तेच घेतलं. चार ओळी: हातपाय / गाळू नका / कामाला / लागा. मुकुट ब्रिटनच्या राजाचा, तो काढून गिरणीची चिमणी घातली.

मूळ पोस्टर ब्रिटनच्या माहिती मंत्रालयाचं, १९३९ चं. जवळजवळ साडेचोवीस लाख प्रती छापल्या, मोठा हल्ला होईल तेव्हा लावायच्या म्हणून राखून ठेवल्या आणि १९४० मध्ये कागदटंचाईत बहुतेक सगळ्या लगद्यात घातल्या. छापणाऱ्याच्या जिवाला हे लागतं. २००० मध्ये इंग्लंडमधल्या ॲनिक गावच्या जुन्या रेल्वे स्टेशनातल्या पुस्तकांच्या दुकानात एका खोक्याच्या तळाशी एक प्रत निघाली, मालकांनी ती फ्रेम करून गल्ल्याजवळ लावली आणि गिऱ्हाइकं मागू लागली. मंदी आली तसं ते घराघरांत गेलं. सरकारने लावलं नाही ते लोकांनी लावलं, म्हणून शब्द शेजाऱ्याला सांगता येतील असेच हवेत.

आता छपाई. ही स्क्रीन-छपाई, म्हणजे चौकटीवर ताणलेल्या जाळीतून शाई कागदावर उतरवायची. दोन रंग दिसतात, पण स्क्रीन, म्हणजे ती जाळीची चौकट, एकच लागते. फक्त लाल छापायचा, अक्षरांच्या जागी पांढरा कागद तसाच राहतो. म्हणून फिल्मवर, म्हणजे मजकूर काढलेल्या पारदर्शक कागदावर, पार्श्वभूमी काळी आणि अक्षरं कोरी ठेवा. टाइप जाड घ्या. लाल शाई चहूकडून आत सरकते आणि बारीक रेघ गिळते. माझ्या पहिल्या खेपेला ‘ळू’चा उकार बुजला, ‘गाळ नका’ असं वाचलं जाऊ लागलं, चाळीस कार्डशीट वाया गेल्या. सगळ्या मजकुरात उकार तो एकच. त्याच्याखाली, दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये, जास्त जागा सोडा.

जाळीला इमल्शन, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणारा लेप, मंद पिवळ्या उजेडात लावा आणि अंधारात पंख्याखाली पूर्ण सुकवा. पावसाळ्यात इथेच घाई नडते, ओलसर राहिलं तर धुताना सगळंच निघून जातं. मग फिल्म चिकटवून प्रकाश द्या आणि पाण्याने धुवा. काळ्याखालचा भाग मोकळा होतो.

स्क्रीन आणि कागद यांत दोन नाण्यांच्या जाडीएवढी फट ठेवा. स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, तिरकी धरून, न थांबता, एका दमात ओढा. मध्ये थांबलात की लाल पट्ट्यात आडवी रेघ उठते. शाई जाळीत सुकू देऊ नका, काम आटोपलं की लगेच थिनरने पुसा.

प्रती दोरीवर चिमट्यांनी लावा. सकाळी कोपऱ्यावर बोट फिरवा. लाल लागलं नाही तरच गुंडाळा.